सहलीआधीचे निवडकर

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांत, विशेषतः नारायणगाव, ओतूर, मंचर आणि घोडेगाव या बाजारपेठांच्या आसपास, अलीकडे जो एक सामाजिक प्रकार नजरेत भरण्याइतका वाढला आहे, त्याला या लेखापुरते 'निवडकर' म्हणणे सोयीचे ठरेल. निवडकर हे आडनाव नसून कुटुंबातील एक पद आहे, आणि ते सहसा साठी ओलांडलेल्या, सेवानिवृत्त, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या आणि कर्तेपण मुलांकडे गेल्यामुळे हात मोकळे झालेल्या पुरुषाकडे चालत येते. तो जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून, सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून किंवा साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेला असतो. त्याच्या नावे कालव्याखालचा दोन-तीन एकर ऊस असतो. गळ्यात तुळशीची माळ असते. आणि सिंगापुरात स्थिरावलेल्या त्याच्या मुलाने आईवडिलांसाठी समुद्रपर्यटनाची, म्हणजे सर्वजण ज्याला 'क्रूझ' म्हणतात त्या सहलीची, तिकिटे परस्पर काढून ठेवलेली असतात. तिकीट, खोली, विमा, व्हिसा आणि जेवणातील कांदा-लसणाचा प्रश्न असे सगळे मुलाने निकालात काढल्यावर ठरवण्याजोगी एकच बाब उरते, आणि ती वडिलांचा मान राखण्यासाठी त्यांच्याकडे सोपवली जाते. ती म्हणजे, जहाज बंदराला लागल्यावर खाली उतरून जायचे कोठे.

या उतरण्याला पर्यटनव्यवसायात किनारासहल असे म्हणता येईल. जहाज सकाळी धक्क्याला लागते, प्रवासी पाच-सहा तासांसाठी जमिनीवर उतरतात, ठरवलेले एखादे स्थळ पाहतात आणि जहाज सुटण्यापूर्वी परत चढतात. यातील एक नियम निवडकरांना प्रथमदर्शनीच भावतो : जहाजाच्या कार्यालयातून घेतलेली सहल परतायला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबते किंवा मागे राहिलेल्यांना पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था करते, परंतु प्रवाशाने स्वस्त पडते म्हणून बाहेरची गाडी ठरवली आणि ती अडकली, तर जहाज निघून जाते आणि पुढचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. शिवाजीनगरहून भीमाशंकरला जाणाऱ्या एसटीने आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसाला हा नियम नवा नसतो. एसटीचा वाहक मात्र निघण्यापूर्वी चहाच्या टपरीकडे तोंड करून एकदा हाक मारतो, आणि एवढी माणुसकी जहाजाकडे नाही, अशी नोंद निवडकर आपल्या वहीत करतात.

वही हा निवडकरांचा मुख्य अवयव आहे. ती दोनशे पानी, लाल पट्टीची आणि आडव्या रेघांची असते, आणि तिच्यात उभ्या रेघा निवडकर स्वतः पट्टीने आखतात. सिंगापूरहून मलेशियाकडे जाणाऱ्या जहाजांच्या थांब्यांत पेनांग आणि लंकावी ही दोन बेटे असतील, तर प्रत्येक बेटासाठी एक पान आणि प्रत्येक सहलीसाठी एक ओळ राखून ठेवली जाते. शहरदर्शन, मसाल्याची बाग, देवळे आणि खरेदी या ओळींवर आरंभीच काट मारली जाते, कारण देवळांच्या बाबतीत ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने ज्याच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, त्याला परदेशात पुन्हा देऊळच दाखवणे निवडकरांना बरोबर वाटत नाही. खरेदीविषयी निवडकरवहिनींचे मत वेगळे असते, पण वहीत मतासाठी रकाना नसतो. शेवटी ज्या ओळी टिकतात त्या 'वर्षावन आणि वन्यजीव' या सदराखालच्या असतात, आणि खरा अभ्यास तेथून सुरू होतो.

पेनांगच्या पानावर एका डोंगराची नोंद होते. त्या डोंगरावर चढणारी, तारेने ओढली जाणारी रेल्वे १९२३ पासून चालू आहे. माथ्यावर जुने वर्षावन राखलेले आहे, आणि तेथे डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे असलेली वानरे व काळी महाखार, म्हणजे शेपटीसह हातभर लांबीच्याही पुढे जाणारी झाडावरची खार, आढळते. लंकावीच्या पानावर खारफुटीची नौकासहल येते. खारफुटी म्हणजे भरती-ओहोटीच्या चिखलात, खाऱ्या पाण्यात मुळे रोवून उभे राहणारे झाडांचे रान; काटेकोर अर्थाने हे वर्षावन नव्हे, आणि निवडकर ते समासात लिहूनही ठेवतात. लंकावी बेटाला युनेस्कोच्या भू-उद्यानांच्या जाळ्यात २००७ मध्ये स्थान मिळाले, हीही नोंद होते, कारण सन असलेली माहिती निवडकरांना सन नसलेल्या माहितीपेक्षा नेहमीच अधिक खरी वाटते.

यानंतर रकाने येतात. चालावे किती लागेल, पायऱ्या किती, स्वच्छतागृह कोठे, शाकाहारी जेवण मिळेल का, पाऊस आला तर पैसे परत का, हे रकाने कोणत्याही वयस्क प्रवाशाच्या मनात असतात आणि त्यांत हसण्यासारखे काही नाही. गुडघे हा सहलीचा पाया आहे. निवडकरांचे वेगळेपण शेवटच्या रकान्यात आहे. त्याचे शीर्षक 'खात्री' असे असते. प्राणी नक्की दिसतो का, दिसला तर किती अंतरावरून, किती वेळ, तो हलत असेल की झोपलेला, आणि न दिसल्यास कोणाकडे दाद मागायची, हे सर्व त्या एका रकान्यात भरायचे असल्यामुळे अक्षर बारीक होत जाते. सिंगापूरचा मुलगा दूरध्वनीवर दर रविवारी विचारतो, "अण्णा, ठरलं का?" आणि अण्णा सांगतात, "पेनांगचं खात्रीचं नाही रे. तिथं 'दिसण्याची शक्यता' असं लिहिलंय. शक्यतेला काय करायचं?"

निवडकरांच्या या शंकेला शास्त्रीय आधार आहे, आणि तो त्यांनी शोधून काढला याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. आफ्रिकेच्या गवताळ मैदानात प्राणी मोठाले, कळपाने राहणारे आणि उघड्यावर चरणारे असतात, त्यामुळे गाडीत बसलेल्या माणसाला ते दिसतात. वर्षावनात परिस्थिती उलटी असते. वर्षभर पाऊस आणि उष्णता मिळाल्याने झाडे तीस-चाळीस मीटर उंच वाढतात, त्यांच्या शेंड्यांचे एक सलग छत तयार होते, फुले-फळे आणि कोवळा पाला त्या छतात असल्यामुळे फळे खाणारे प्राणीही तेथेच राहतात, आणि खाली उभ्या असलेल्या प्रवाशाला फक्त बुंधे, ओल आणि स्वतःचा श्वास यांचा अनुभव मिळतो. जेथे प्राण्यांच्या जाती सर्वांत अधिक, तेथे दर तासाला दिसणारे प्राणी सर्वांत कमी, असा हा व्यवहार आहे. सहलीचे व्यापारी हे जाणतात. त्यामुळे खात्री हवी असलेल्या गिऱ्हाइकासाठी ते जंगलालाच थोडे वाकवतात : कोठे जखमी प्राण्यांचे आश्रयस्थान सहलीत घातले जाते, कोठे फळांचे ताट ठरावीक फांदीवर टांगले जाते, तर लंकावीच्या खारफुटीत नावाडी कोंबडीची कातडी पाण्यावर फेकून तांबूस पंखांच्या ब्राह्मणी घारींना बोलावतो, आणि घारी वेळेवर येतात. पक्ष्यांच्या सवयी बिघडतात म्हणून या प्रथेवर टीकाही झालेली आहे. निवडकरांनी टीका वाचलेली असते. परंतु खात्रीच्या रकान्यात 'होय' असे एकच अक्षरशः निःसंदिग्ध उत्तर लंकावीच्या ओळीसमोर असते, आणि सहा आठवड्यांच्या अभ्यासानंतर निर्णय तिच्याच बाजूने लागतो. माळकरी माणसाच्या सहलीची हमी कोंबडीच्या कातडीवर उभी असावी, हा विरोधाभास वहिनी बोलून दाखवतात, तेव्हा ते शांतपणे सांगतात की शाकाहारी जेवणाचा रकाना प्रवाशांपुरता आहे.

प्रत्यक्ष सहलीविषयी फार लिहिण्यासारखे नसते. घारी येतात, छायाचित्रे निघतात, त्यांत घारींपेक्षा पुढच्या बाकावरच्या प्रवाशाची टोपी स्पष्ट येते, आणि निवडकर जहाज सुटण्याच्या पावणेदोन तास आधी धक्क्यावर हजर असतात. ब्राह्मणी घार पुणे जिल्ह्यातील जलाशयांवरही अधूनमधून दिसते, हे त्यांना परतल्यावर पक्ष्यांच्या एका पुस्तकात कळते. ते पान ते दुमडून ठेवतात आणि कोणाला दाखवत नाहीत.

या प्रकाराचा उलगडा मात्र परदेशात होत नाही. तो निवडकरांच्या स्वतःच्या बांधावर होतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्प उभा राहिला. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे ही त्याची पाच धरणे. त्यांपैकी घोड नदीवरच्या डिंभे धरणात मूळचे आंबेगाव हे गाव बुडाले, तालुक्याला त्याचे नाव तेवढे राहिले आणि कचेरी घोडेगावातून चालते. कालव्यांनी पाणी आले, पाण्याने ऊस आणला, उसाने विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने चालवले, आणि बारा ते अठरा महिने उभ्या राहणाऱ्या, माणसाच्या दुप्पट उंच, दाट, पाणी जवळ असलेल्या या पिकात बिबट्याने बिऱ्हाड केले. त्याला हरणे लागतात असे नाही. वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरे आणि डुकरे यांवर त्याचे भागते. मादी उसातच पिल्ले घालते, ती ऊसतोडीच्या वेळी मजुरांना सापडतात, आणि मग वनखात्याची माणसे येऊन ती पिल्ले टोमॅटोच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये, सापडली त्याच जागी, संध्याकाळी ठेवतात, म्हणजे मादी रात्री येऊन एकेक उचलून नेते. ज्या कॅरेटमधून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो जातो, त्याच कॅरेटने बिबट्याचे कुटुंब पुन्हा जुळावे, ही या भागाची खास सोय आहे.

या सहवासाची दुसरी बाजू दुःखाची आहे आणि विनोदी लेखातही ती झाकणे बरे नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात माणसांवरील हल्ल्यांची मोठी लाट आली, पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले, आणि वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिले की अशा स्थलांतराने प्रश्न मिटत नाही. सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास हल्ले वाढतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा व उपचार केंद्र उभे राहिले. हल्ले थांबले असे मात्र कोणी म्हणू शकत नाही, आणि शेतीपंपाला वीज रात्रीची मिळाली की अंधारात दारे धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, जावे लागणाऱ्या शेतकऱ्याची दिवसा विजेची मागणी या तालुक्यांत केवळ झोपेसाठी नसते.

अशा मुलखात राहणाऱ्या निवडकरांनी बिबट्याला कधीही वन्यजीव मानलेले नसते. तो त्यांच्या लेखी पाटकरी, वायरमन आणि बाजारभाव यांच्या जातीचा, म्हणजे आपल्या हाती नसलेला आणि ज्याच्या वेळापत्रकाप्रमाणे आपले वेळापत्रक ठरवावे लागते असा एक घटक असतो. संध्याकाळी सातनंतर गोठ्याचे दार लावणे, रस्त्याने जाताना मोबाइलवर भजन मोठ्याने लावणे, नातवाला अंगणात एकटे न सोडणे, कुत्रे अचानक गप्प झाले तर बॅटरी न मारता आत येणे, या गोष्टी ते इतक्या सहज करतात की त्यांमागे एक मोठे मांजर आहे याची आठवण पाहुण्याने करून द्यावी लागते. पेनांगच्या खारीपासूनचे अंतर मीटरमध्ये लिहिणाऱ्या माणसाच्या वहीत स्वतःच्या फडातील बिबट्याची एकही नोंद नसते. कोणी विचारलेच तर उत्तर येते, "तो काय बघायचाय? तो दिसू नये म्हणून तर हे सगळं." खात्रीच्या रकान्याचा हा उलटा उपयोग त्यांना उलटा वाटतच नाही, आणि खरे पाहता तो उलटा नाहीही : ज्याला प्राणी नको असतो त्याला हमी नसतानाही तो दिसतो, आणि ज्याला हवा असतो तो हमीपत्रावर सही घेत बसतो.

समुद्रपर्यटनाहून परतलेल्या निवडकरांची प्रतिष्ठा वाढते आणि कार्यक्षेत्रही. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य सरकारने पर्यटन तालुका म्हणून घोषित केल्यापासून घरी येणारा पाहुणा केवळ पाहुणा राहत नाही. तो शिवनेरी, नाणेघाट आणि मिसळ यांच्याविषयी अपेक्षा घेऊन येतो. मुलीचे सासरे, म्हणजे निवडकरांचे व्याही, ठाण्याहून दोन दिवसांसाठी यायचे ठरवतात आणि 'काहीतरी निसर्गाचं' दाखवा असे सुचवतात, तेव्हा लाल पट्टीची वही उघडते आणि किनारासहलीची पद्धत घरच्या जमिनीला लावली जाते. व्याह्यांची मोटार हे जहाज, अंगण हा धक्का, आणि रात्री आठला पुरणपोळीच्या ताटावर परत चढायचे, एवढे धरले की उरलेले रकाने जसेच्या तसे चालतात.

पिंपळगाव जोगा जलाशय रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, परंतु पक्षी पाण्याच्या पलीकडच्या कडेला असतात आणि दुर्बीण एकच, म्हणून काट. माणिकडोहचे केंद्र प्राणिसंग्रहालय नसून उपचाराची जागा आहे, तेथे व्याह्यांना बिबटे दाखवायला नेणे म्हणजे रुग्णालयात ओळखीच्या नसलेल्या रुग्णाला बघायला जाणे होईल, हे निवडकरांना पटते. आंबेगव्हाणच्या बिबट सफारीची गेली काही वर्षे चर्चा आहे. त्या ओळीसमोर ते पेन्सिलने 'झाल्यावर' असे लिहितात. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची एक बुरशी अंधारात हिरवट चमकते, ही माहिती त्यांना फार आवडते, पण अभयारण्यात रात्री हिंडायला बंदी असते आणि आठ वाजता पुरणपोळी असते. शेवटी उरते ते भीमाशंकर आणि त्याचे शेकरू.

येथे एक वाद अपरिहार्यपणे उद्भवतो, कारण व्याह्यांना वर्षावन सांगितलेले असते आणि भीमाशंकर वर्षावन आहे काय, याचा निवडकरांना प्रामाणिकपणे शोध घ्यायचा असतो. पावसाच्या मानाने ते असायला हरकत नाही. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने झाडांना साठवणुकीवर काढावे लागतात, त्यामुळे खऱ्या वर्षावनाची उंची तेथे येत नाही. भारतातील वनांचे जे वर्गीकरण चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये सुधारून मांडले, त्याच्या भाषेत हे सदाहरित आणि निमसदाहरित यांच्या सीमेवरचे, अंजनी, जांभूळ आणि पिसा या वृक्षांचे, वाऱ्याने खुजे राहिलेले डोंगरमाथ्याचे वन आहे. आहुप्यासारख्या गावांच्या देवरायांत, म्हणजे देवाच्या नावाने कुऱ्हाड बंद ठेवलेल्या रानांत, मात्र झाडे चांगली उंच जातात आणि गारंबीचे, माणसाच्या मांडीएवढे जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले दिसतात. निवडकर हे सारे एका परिच्छेदात लिहून व्याह्यांना मोबाइलवर पाठवतात. व्याह्यांचे उत्तर अंगठ्याचे येते. जंगलाच्या वर्गीकरणावर आलेला अंगठा सहमतीचा समजावा की पोच म्हणून, यावर निवडकर संध्याकाळभर विचार करतात.

शेकरूविषयी मात्र वाद नाही. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले; सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या कडांवर पसरलेले आहे, आणि शेकरू ही त्याची ओळख आहे. शेकरू म्हणजे तांबड्या-तपकिरी पाठीची, पिवळट पोटाची, दीड-दोन किलो वजनाची मोठी खार. ती महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. या भागातील शेकरूच्या प्रकाराला शास्त्रीय नाव कर्नल साईक्स यांनी १८३१ मध्ये दिले आणि ते मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टन साहेबांवरून दिले, त्यामुळे मराठी राज्याचा हा प्राणी आजही कागदोपत्री एका इंग्रज गव्हर्नरच्या नावाने वावरतो. पेशवाई बुडवणाऱ्याचे नाव खारीला मिळावे, यात न्याय कोणत्या बाजूने झाला हे ठरवणे अवघड आहे. शेकरू जमिनीवर क्वचित उतरते, एका फांदीवरून सहा मीटरपर्यंत दूरच्या फांदीवर झेप घेते, फळे, फुले, कठीण कवचाच्या बिया आणि सालही खाते, आणि काटक्या-पानांची एकाहून अधिक घरटी बांधून ठेवते, जेणेकरून आज कोणत्या घरी मुक्काम आहे हे शत्रूला कळू नये. हीच शेकरू पेनांगच्या काळ्या महाखारीची जवळची नातेवाईक, एकाच प्रजातिसमूहातली. तिचे सख्खे भाऊबंद मंचरहून साठ-पासष्ट किलोमीटरवर राहत असताना निवडकरांनी तिला शक्यतेच्या रकान्यात टाकून साता समुद्रापलीकडे नाकारलेले असते.

एक तपशील मात्र त्यांच्या वहीत सुटतो, आणि तो महत्त्वाचा आहे : शेकरू सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर हालचाल करते, आणि ऊन वर असताना पानांत अंग पसरून पडून राहते. व्याह्यांना मधुमेह असल्याने न्याहारी वेळेवर, न्याहारीत थालीपीठ, थालिपिठानंतर चहा, वाटेत डिंभे धरणाच्या पाण्याकडे पाहून फोटो, त्यानंतर देवदर्शनाची रांग, अशा क्रमाने सर्व मंडळी रानाच्या वाटेला लागतात तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. वाटाड्या म्हणून जवळच्या वाडीतले एक महादेव कोळी गृहस्थ बरोबर असतात. त्यांचा चरितार्थ थोड्या भातावर, थोड्या यात्रेकरूंवर आणि बाळहिरड्यावर, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या, वाळवून विकल्या जाणाऱ्या फळांवर, चालतो. निवडकर त्यांना मामा म्हणतात आणि वही उघडून विचारतात, "मामा, शेकरू नक्की दिसेल ना?"

"दिसंल की."

"म्हणजे खात्रीनं?"

मामा वर बघतात आणि म्हणतात की घरटे तर हे आहे. ते खरेच असते. जांभळाच्या दुबेळक्यात पाचोळ्याचा मोठा गोळा. निवडकर तो पाहतात, अंतर विचारतात, आणि घरात कोणी आहे का, असाही प्रश्न करतात. त्यावर मामांनी सकाळी सहाला यायला हवे होते असे सांगण्याची वेळ असते, पण पाहुण्यांसमोर ते यजमानाची लाज राखतात आणि गारंबीची हातभराहून लांब शेंग दाखवतात. व्याही शेंग हातात घेऊन फोटो काढून घेतात. त्यांना त्या शेंगेने पूर्ण समाधान होते, आणि सहलीचा सारा ताण एकट्या निवडकरांवर येतो. वर पानांतून एकदा खरखर असा करकरीत आवाज येतो, सर्वजण थांबतात, आवाजही थांबतो. ती शेकरूच आहे हे मामा सांगतात. खात्रीच्या रकान्यात ऐकू आलेल्या प्राण्याची नोंद कशी करावी याची तरतूद नसल्याने निवडकर तिथे अर्धी टिक करतात, आणि पुढे त्या अर्ध्या टिकेवरून वहिनी त्यांना महिनाभर चिडवतात.

परतीच्या वाटेवर, देवळाच्या पायऱ्यांशी चहा घेताना, मामा प्रथमच स्वतःहून बोलतात. निवडकर नारायणगावच्या बाजूचे आहेत हे त्यांना कळलेले असते. या रानात बिबट्या आहे, हे ते सांगतात. त्याची पावले दिसतात, विष्ठा दिसते, ओरखडलेले झाड दिसते, पण इतकी वर्षे रानात काढूनही तो निवांत असा नजरेला पडलेला नाही, आणि वाडीतल्या पोरांना तो बघायची फार इच्छा आहे. "तुमच्याकडं म्हणं उसात रोज दिसतो. एकदा पोरांना घेऊन यावं म्हणतो. कधी आलं तर खात्रीनं दिसंल, साहेब?"

निवडकर थक्क होतात, पण पद सोडत नाहीत. ते वही उघडून नवे पान घेतात, पट्टी नसल्याने चहाच्या टपरीवरील वर्तमानपत्राच्या कडेने उभ्या रेघा ओढतात आणि एका मागोमाग एक रकाने भरू लागतात. ठिकाण : घरचा फड, खालच्या मळ्याकडील बाजू. योग्य काळ : कारखाना सुरू होऊन तोड लागल्यावर, कारण उभा ऊस कमी होतो तसा प्राणी उरलेल्या फडात गोळा होतो. वेळ : सायंकाळी साडेसहानंतर. चालणे : नाही, गच्चीवरूनच. स्वच्छतागृह : घरचे. जेवण : शाकाहारी. "अहो, पोरांना अंधारात मळ्याकडं नेणार का काय?" असे वहिनी मध्येच विचारतात, तेव्हा गच्चीच्या रकान्यात ते 'जाळी लावून' एवढे वाढवतात. खात्रीच्या रकान्याशी येऊन मात्र त्यांचा हात थांबतो, कारण गेल्या आठवड्यातच शेजारच्या वस्तीवरची शेळी गेलेली असते आणि तेथे 'होय' लिहायला त्यांचे मन धजत नाही.

मामा चहाचा पेला खाली ठेवतात आणि जरा संकोचाने विचारतात, "आन समजा न्हाई दिसला, तर यष्टीचं भाडं तुमच्याकडं का आमच्याकडं?"